पेन कुणाच्या हातात

उष्टी ताटली एका पाहुण्या बाईंच्या हातात देऊन "ट्रॅश, प्लीज" म्हणणारा माणूस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. परका असता तर तिथल्या तिथे दोन शब्द सुनावले असते. पण हा आमच्याच वस्तीतला, रोज सकाळी फिरताना "काय गं, आज उशीर?" म्हणून हटकणारा, सगळ्यांचा लाडका काका. म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यातून जे झालं ते अजून निस्तरणं चालू आहे, आणि निस्तरतेय ती मी नव्हे, काकाही नव्हेत. त्यांची बायको.

इथे अमेरिकेतल्या प्लेनो शहरात राहून मला सत्तावीस वर्षं झाली. त्यातली बावीस सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना ईमेलने गोड भाषेत कळवायच्या, हा माझा धंदा. रिटायर झाल्यावर चुका काढायला घरात एक नवरा उरला. महिन्याभरात तोच हात जोडून म्हणाला, "तू काहीतरी सोशल वर्क कर, पण घराबाहेर कर." तेव्हा मी मतदार नोंदणीचं काम शिकायला गेले.

आमच्या राज्यात कुणीही उठून लोकांचे मतदार फॉर्म गोळा करू शकत नाही. त्यासाठी आधी शिकावं लागतं, काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीकडून, नेमणूक घ्यावी लागते, शपथ घ्यावी लागते. हातात आलेला फॉर्म पाच दिवसांत निवडणूक ऑफिसात पोचवावा लागतो. पटला नाही म्हणून ठेवून घेणं किंवा फाडून टाकणं हा गुन्हा आहे. हे सगळं काउंटीच्या पुस्तकात होतं. बाकीचं आम्हाला शिकवलं एका काळ्या लोकांच्या चर्चच्या हॉलमध्ये, सत्तरी उलटलेल्या एका बाईंनी. तीस वर्षं शाळेची बस चालवून त्या रिटायर झाल्या होत्या. मी त्यांना मनात 'बाई' म्हणायचे, शाळेत म्हणायचो तशी, आणि इथेही तेच म्हणते. आवाज असा की मागच्या सीटवरचं मूल आपोआप खाली बसेल.

बाईंचा पहिला नियम होता, पेन मतदाराच्या हातात. त्याला लिहायला वेळ लागू दे, अक्षर वेडंवाकडं येऊ दे, मागे रांग लागू दे. कुणी मदत मागितली तर वाचून दाखवा, समजावून सांगा. पण पेन आपल्या हातात घ्यायचं नाही, आणि त्याच्या घरच्या कुणाला घेऊ द्यायचं नाही. का, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. मला वाटलं, म्हातारीचा हेका.

दुसरं म्हणजे शिकवणी संपली की गाणं. मी लाजेने अर्धमेली. बाई म्हणाल्या, "ही गाणी तुम्ही टीव्हीवर ऐकली असतील, जानेवारीत आमच्या हक्कांच्या लढ्याची सुट्टी असते तेव्हा, छान इस्त्रीच्या झग्यांतल्या लोकांनी म्हटलेली. ती विसरा. आमच्या गावात गाणं म्हणजे हजेरी होती." त्या मिसिसिपीतल्या. त्या वेळी आठ-नऊ वर्षांच्या असतील. गावातल्या काळ्या लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टात जायचं ठरवलं की आदल्या संध्याकाळी सगळे चर्चमध्ये जमत. एकजण ओळ म्हणे, बाकीचे ती उचलत. त्या ओळीत एक जागा मोकळी असे. तिथे उद्या जो जाणार त्याचं नाव घालायचं, आणि नाव आलं की त्या माणसाने उभं राहायचं. गावादेखत एकदा उभं राहिल्यावर सकाळी पोटात दुखतंय म्हणायची सोय नसे. "गाण्याने भीती जात नाही," बाई म्हणाल्या, "वाटली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते."

त्या दिवशी मी नुसते ओठ हलवत होते. माझं नाव आलं तेव्हा मी बसमध्ये कुणाला सीट देताना उठतात तशी अर्धवट उठले आणि बसले. बाईंनी पाहिलं.

मग गणपतीत मी आमच्या मंडळात नोंदणीचं टेबल लावायची परवानगी मागितली. कमिटीतल्या एकाने लगेच नाक मुरडलं, "मंडळात पॉलिटिक्स नको यार." मी म्हटलं, नाव नोंदवणं हे पॉलिटिक्स कसं? मत कुणालाही द्या. तर म्हणे, "पण ते लोक बरोबर येणार का?" ते लोक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या देशाने आमच्यासारख्यांना दार उघडलं ते केव्हा? त्या लोकांनी काठ्या खाल्ल्यावर, अंगावर कुत्री सोडून घेतल्यावर, तुरुंगात बसून गाणी म्हटल्यावर. आम्ही दार उघडं दिसलं म्हणून डिग्रीची सर्टिफिकेटं घेऊन आत आलो, सोफ्यावर बसलो आणि पहिल्या दहा वर्षांत 'ते लोक' म्हणायला शिकलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी हे सगळं कमिटीला सुनावलं. शेवटी मला गप्प करायला त्यांनी टेबल दिलं, पण जागा दिली चपलांच्या रॅकशेजारी.

ती जागा सोन्यासारखी निघाली. चपला काढायला आणि घालायला माणूस वाकतोच, आणि वाकलेल्या माणसाला पकडणं सोपं. भाड्याने घेतलेला तो शाळेचा हॉल गच्च भरला होता. बाई गर्द निळा ड्रेस घालून, छातीवर नोंदणीचा बॅज लावून माझ्याबरोबर उभ्या होत्या. जेवणाची रांग संपत आली तेव्हा काका आले. हातात ताटली, तीत श्रीखंडाचे ओघळ आणि अर्धी पुरी. कुणाशी तरी बोलत बोलत आले, बाईंकडे नीट न बघताच ताटली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ट्रॅश, प्लीज."

बाईंनी ताटली घेतली. चार पावलं चालून डब्यात टाकली, रुमालाला हात पुसले, परत आल्या आणि विचारलं, "सर, तुमची मतदार नोंदणी झाली आहे का?"

काकांनी आता बॅज पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माफी मागायला दोन शब्द लागतात. पण आमच्या पुरुषांना माफीपेक्षा भाषण सोपं जातं. ते मोठमोठ्याने बोलायला लागले. "मॅडम, आय हॅव डन इलेक्शन ड्यूटी इन इंडिया! मेनी टाइम्स!" ते साताऱ्याला जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. मुलाने दहा वर्षांपूर्वी दोघांना इकडे आणलं. दोन वर्षांपूर्वी काकांची सिटीझनशिप झाली तेव्हा पार्टी झाली होती, झेंड्याच्या रंगाचा केक होता. काका-काकूंनी मिळून तो कापला होता आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण नाव नोंदवायचं राहून गेलं होतं म्हणे. आता मात्र त्यांनी खुर्ची ओढली, खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि म्हणाले, "दोन फॉर्म दे. फॅमिलीचं एकदम करून टाकतो."

त्यांनी आपला फॉर्म भरला. मग काकूंचा भरला. काकू पलीकडे खुर्चीवर प्रसादाचे डबे सांभाळत बसल्या होत्या. काकांनी सहीच्या जागी बारीक फुली मारली आणि हाक मारली, "अगं, इकडे ये. इथे सही कर." काकूंनी डबा काखेत धरून सही केली आणि परत जाऊन बसल्या. दोन मिनिटांचं काम.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी स्वतः भरला?"

"त्यांचं इंग्लिश जरा कच्चं आहे," मी म्हटलं. "ते फक्त मदत करताहेत. सगळं ठीक आहे."

ठीक आहे! बावीस वर्षं टेस्टिंग केलेली बाई मी. माझ्या डोक्यात फक्त ती ताटली होती. हा माणूस एकदाचा इथून उठून जाऊ दे, बाईंच्या नजरेसमोरून आमची लाज हलू दे, एवढंच मला हवं होतं. फॉर्मवर सगळ्यात वर एक प्रश्न असतो, तुम्ही या देशाचे नागरिक आहात का. काकूंच्या फॉर्मवर 'हो'च्या चौकोनात काकांची ठसठशीत खूण होती. मी ती पाहिली आणि फॉर्म फोल्डरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच नेऊन दिला. पाच दिवस कशाला, एका दिवसात, म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

ऑक्टोबरात एक दिवस काकू फिरायला आल्या त्या हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत मतदार कार्ड. पोस्टाने आलेलं.

"बघ गं, माझं आलं," त्या म्हणाल्या. चेहरा असा खुललेला की बघत राहावं. "हे पण इंटरव्ह्यूच्या फायलीत लावू ना? पुरावा म्हणून?"

"कुठला इंटरव्ह्यू, काकू?"

"अगं, सिटीझनशिपचा. डिसेंबरात आहे ना माझा. ह्यांचं झालं तेव्हा माझं कुठे झालं होतं?"

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. इथे आल्यावर दोन वर्षांनी काकू साताऱ्याला गेल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. काकांना थंडीतला प्रवास झेपत नाही म्हणून ते इथेच राहिले, आणि त्यांच्या आईचं दीड वर्ष काकूंनी केलं. पण वर्षाहून जास्त देशाबाहेर राहिलं की नागरिकत्वाची मोजणी मोडते, जवळजवळ पहिल्यापासून सुरू होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याच्या आईची बेडपॅन काढली म्हणून ही बाई मागे राहिली, आणि ज्याची आई, तो झेंड्याचा केक कापून मोकळा झाला.

आणि नागरिक नसताना नागरिक म्हणून मतदार यादीत नाव लावणं म्हणजे काय, हे मला शपथ देताना शिकवलं होतं. सिटीझनशिप नाकारली जाऊ शकते. त्याहून वाईट, परत पाठवू शकतात. मुलगा, सून, दोन नातवंडं, सगळं इथे. तिथे साताऱ्याचा फ्लॅट विकून टाकलेला.

मी पिशवीतलं कार्ड हातात घेतलं. त्यावर काकूंचं नाव होतं. सहा वर्षं आम्ही रोज एकत्र चालतो, मी त्यांच्या हातचं सांडगी मिरचीपासून धिरड्यापर्यंत सगळं खाल्लं आहे, आणि त्यांचं स्वतःचं नाव मी पहिल्यांदा त्या कार्डावर वाचलं. माझा मलाच राग आला. काय सांगायचं त्यांना? तिथेच सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. काकूंनी कार्ड परत पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड नीट दाबून बंद केलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं, मंडळाचंच काहीतरी आहे. पोथीच्या वर्गणीसारखं."

काकांना जाब विचारायला मी त्यांच्या घरी गेले. ते खरंच गोंधळून गेले होते. "अगं पण माझं झालंय ना? मग कुटुंबाचं झालंच की! आपल्याकडे यादी घरागणिक करतात. मी स्वतः दारोदार फिरून केल्यात. घरातल्या कर्त्याने सगळ्यांचं सांगायचं आणि आपण लिहायचं." त्यांच्या डोक्यात रेशन कार्ड होतं. वर कुटुंबप्रमुख, खाली बाकीची माणसं, आणि प्रमुखाला मिळालं की सगळ्यांना मिळालं. चाळीस वर्षं सरकारी कागद भरलेल्या या माणसाने फॉर्मवरचा पहिला प्रश्न बायकोला विचारलाच नव्हता, कारण बायकोबद्दलचं उत्तर त्याला माहीत असणार हे त्याने गृहीतच धरलं होतं.

जर्सी सिटीला माझी मुलगी असते, वकील आहे, पण या कामातली नव्हे. तिला फोन केला. मी मराठीत रडले, ती इंग्लिशमध्ये ओरडली. "आई, धिस इज सिरियस. लाइक, रिअली सिरियस. डोन्ट टच एनीथिंग." तिने तिच्या ओळखीच्या इमिग्रेशन वकील बाईंना जोडून दिलं. त्यांनी सांगितलं ते असं. मत अजिबात द्यायचं नाही. आज-उद्या निवडणूक ऑफिसात जाऊन स्वतः लेखी द्यायचं की चुकून नाव लागलं आहे, काढून टाका. आणि डिसेंबरात ऑफिसर विचारणारच, तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का. तेव्हा खरं सांगायचं. पुढे काय होईल? "काही वेळा समजून घेतात. हल्ली काही सांगता येत नाही."

मी हे त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, तर काका म्हणाले, "इंटरव्ह्यूत 'नो' म्हणायचं आणि विषय संपवायचा. कोण बघतंय? आणि ते पत्र मी लिहितो. ड्राफ्टिंग माझं चांगलं आहे." मला वाटलं, हातातला चहा त्यांच्या डोक्यावर ओतावा. हात दाखवून अवलक्षण करून झालं तरी ह्यांचा हात खाली येत नव्हता. काकू स्वयंपाकघराच्या ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

तिथून मी थेट बाईंकडे गेले. त्यांच्या अंगणात खुर्चीवर बसून मी सगळं सांगितलं आणि रडायला लागले. मला वाटलं, त्या पाठीवरून हात फिरवतील.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. "रडण्याइतका वेळ त्या बाईकडे नाही." मग म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, सगळं ठीक आहे. तुला त्या ताटलीची लाज वाटत होती ना? मी आयुष्यभर लोकांच्या ताटल्या धरल्यात. मला ताटलीचा राग आला नव्हता. मला पेनाचा आला होता."

तेव्हा त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जायची, पण शिकलेली होती, रविवारी मुलांना वाचायला शिकवायची. चर्चमध्ये तिचं नाव गाण्यात आलं तेव्हा ती अशी ताठ उभी राहिली की शेजारी बसलेल्या लेकीला आपली आई इतकी उंच आहे हे तेव्हा कळलं. सकाळी ती कोर्टात गेली. तिथल्या कारकुनाने कायद्याचा एक उतारा काढून दिला, वाच आणि अर्थ लिही म्हणाला. तिने वाचला, लिहायला लागली. दोन ओळी झाल्यावर तो उठला, टेबलाच्या अलीकडे आला आणि तिच्या बोटांतून पेन काढून घेतलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. "बास, कळलं तुला येत नाही ते," म्हणाला. ती पुन्हा गेली, पुन्हा पेन काढून घेतलं. चौथ्या खेपेला नाव लागलं. तोवर ज्या घरचा स्वयंपाक करायची ते काम गेलं होतं.

"तो निदान कारकून होता," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे हे काम घरातच होतं."

मी डोळे पुसले आणि तिथूनच काकूंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निवडणूक ऑफिसला गेलो. गाडी काकांनी चालवली. बाई त्यांच्या गाडीने आल्या. पार्किंगमध्ये उतरल्यावर काकू पुढे येईनात. त्या गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला नाही जमणार गं. मला आतमध्ये धरून ठेवलं तर?"

बाई जवळ आल्या. त्यांनी मला विचारलं, "यांचं नाव काय?"

मी तोंड उघडलं. काकांनीही उघडलं. पण त्याआधी काकूंनी स्वतःच सांगितलं. त्यांच्या तोंडून त्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. छान नाव आहे, तीन अक्षरी, नदीचं.

बाईंनी तिथेच, सकाळी दहाच्या उन्हात, दोन पिकअप ट्रकच्या मधे ती ओळ म्हणायला सुरुवात केली. मोठ्याने नाही. बस निघण्याआधी इंजिन चालू ठेवतात तशी, खालच्या पट्टीत. मोकळ्या जागेत काकूंचं नाव घातलं. कॉफीचे कप घेऊन कामावर चाललेली माणसं वळून बघत होती. काकूंना शब्द कळत नव्हते, पण त्या भजनी मंडळातल्या. ध्रुवपद कुठे उचलायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी ते बरोबर उचललं. मीही उचललं, या वेळी नुसते ओठ हलवले नाहीत. काका गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन लांब उभे होते. त्यांच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

आत खिडकीपलीकडच्या मुलीने कागद दिला. काकांनी सवयीने हात पुढे केला. "दे इकडे, मी भरतो."

काकूंनी कागद आपल्या बाजूला ओढला. "नको," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू वाच, सावकाश. पहिल्यापासून." मी प्रत्येक ओळ वाचली, मराठीत सांगितली. त्यांनी प्रत्येक ओळीला मान हलवली आणि मगच लिहिलं. मी नागरिक नाही. फॉर्म मी भरला नव्हता. मी न वाचता सही केली. माझं नाव काढा. एवढं लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली. मागे रांग लागली, एकाने घड्याळ पाहिलं, बाई त्याच्याकडे वळून उभ्या राहिल्या. बाईंच्या आईने चार खेपा घातल्या त्या यादीत नाव यावं म्हणून. माझ्यासमोर एक बाई जिवाच्या आकांताने आपलं नाव त्याच यादीतून काढायला अर्ज लिहीत होती, आणि तिथवर तिला आणणाऱ्यांत मी होते. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

नोव्हेंबरात काकांनी मत दिलं. छातीवर मत दिल्याचं स्टिकर लावून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली पंचवीस-तीस अंगठे आले. मी ग्रुपच सोडला.

डिसेंबरात इंटरव्ह्यू झाला. वकील बाई शेजारी होत्या, मी बाहेर बाकावर. काकूंनी नंतर सांगितलं, ऑफिसरने तो प्रश्न विचारलाच. "मी 'येस' म्हटलं गं. आणि का ते पण सांगितलं. माझ्याच इंग्लिशमध्ये." ऑफिसरने एक कागद हातात दिला. आत्ता निर्णय देता येत नाही, कळवू. ते कळवणं अजून यायचं आहे. पोस्टमनची गाडी वळणावर दिसली की काकू बोलता बोलता थांबतात. मुलाने नातवंडांना काही सांगितलेलं नाही.

काका आता बदललेत म्हणावं तर तसंही नाही. परवा मला म्हणाले, "तू टेबल लावलं नसतंस तर हे झालंच नसतं." चोराच्या उलट्या बोंबा. पण त्यात निम्मं खरं आहे, म्हणून जास्त झोंबलं.

टेबल मी अजून लावते. दर शनिवारी, इंडियन ग्रोसरीच्या दाराशी. बाई असतात, आणि गुढीपाडव्यापासून काकूही येऊन बसतात. वकील बाईंनी ताकीद दिली आहे, फॉर्मला हात लावायचा नाही. पेनांबद्दल त्या काही बोललेल्या नाहीत. म्हणून पेनांचा डबा काकूंच्या मांडीवर असतो.

गेल्या शनिवारी एक जोडपं आलं. तरुण, शिकलेलं. नवऱ्याने दोन फॉर्म उचलले, एका हाताने डब्यातलं पेन काढलं आणि बायकोला म्हणाला, "तू आत जाऊन भाजी घे, मी दोन्ही भरून टाकतो." मी काही बोलायच्या आत काकू उठल्या. त्याच्या बोटांतून पेन अलगद काढून घेतलं आणि तिच्या हातात दिलं.

"तिचं तिला भरू दे," त्या म्हणाल्या. "भाजी तू घे."